अनुभव धागा: बोटीवरचे पाव्हणे

आपल्याकडची पोरं जहाजावर नोकरीला लागतात. त्यातला एखादा पुढे स्वतःची शिडाची बोट घेऊन बेटाबेटांत राहू लागतो, आणि मग गावाकडून आईबाप, आत्या, मामा तिथे पाव्हणे म्हणून जातात. फोटो सगळेच टाकतात. राहणं, खाणं, रुसवेफुगवे कोणी लिहीत नाही, ते लिहा. सुरुवात मी करतो.

दर्यापूरकर
भाऊ-वहिनी हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर कॅटमरानवर, म्हणजे दोन सांगाड्यांच्या शिडाच्या बोटीवर, राहतात. आईबाबा गेले तेव्हा माहे बेटावरून प्रास्लिन आणि तिथून ला दीग असा बेत होता. भावाला धास्ती एकाच गोष्टीची, गोड्या पाण्याची. टाकी मोजकी, आणि पाव्हणे नळ सोडून हात धुतात. पण आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. आईनं मागच्या पायरीवर बसून समुद्राच्याच पाण्यानं आंघोळ केली, वरून गडवाभर गोडं पाणी घेतलं. भांडीही तशीच, फक्त शेवटचा हात गोड्या पाण्याचा. वहिनी बटाटे उकडताना थोडं समुद्राचं पाणी घालते, ते आईला पटलं. डाळीत घालायला गेली तर म्हणाली, "थांब व माय, आपल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ह्या पाण्यात काय शिजते?"

बाबांचा जीव पाणी गोडं करायच्या यंत्रात अडकला. गावातल्या आरओसारखंच ते, पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ, म्हणून पंपाला दाब कितीतरी जास्त लागतो आणि बॅटरी झपाट्यानं उतरते. बंदरातल्या गढूळ, तेलकट पाण्यात ते चालवत नाहीत, आतला पडदा खराब होतो. ऊन चढून सोलर भरात आलं की बाबा विचारायचे, "लावू का रे मोटर?" शेतातल्या लाइनच्या वेळा सांभाळून आयुष्य गेलेलं, दुसरं काय! प्रास्लिनच्या जंगलात कोको द मेर दाखवला, जगातलं सगळ्यात मोठं बी. त्यावर बाबांचा पहिला प्रश्न, "एका झाडाले किती लागतात?"

वैनगंगाकाठ, भंडारा
आजोबांनी जन्मभर डोंगा वल्हवला. मामेभाऊ थायलंडच्या फुकेतला असतो, त्यानं त्यांना फांग ङाच्या उपसागरात नेलं. पाण्यातून सरळ उभे चुनखडीचे डोंगर. नांगर टाकून डिंगीनं, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीनं, किनाऱ्यावर निघायची तयारी चालली होती. आजोबा खडकाकडे पाहत म्हणाले, "पानी उतरून राह्यलं." खडकावरच्या ओलीची कड त्यांनी आल्याआल्याच हेरून ठेवली होती. आमच्या नदीला ओहोटी नाही, पण गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याचं पाणी चढतं-उतरतं तेव्हा काठावरची ओल कशी सरकते हे त्यांना पाठ आहे. भावानं भरतीचं कोष्टक काढलं आणि जाणं रद्द केलं. डिंगी चिखलात बसली असती.

को पन्यी हे तिथलं खांबांवर वसलेलं मच्छीमारांचं गाव. एक म्हातारा जाळं सांधत होता. आजोबा शेजारी बसले, सुई मागून घेतली आणि फाटलेल्या जागी काही घरं विणून दिली. म्हाताऱ्यानं गाठ ओढून पाहिली, मान डोलावली आणि जाळ्याचं दुसरं टोक त्यांच्याकडे सरकवलं. नंतर आम्हीच कंटाळून उठलो, ते दोघं नाही.

दिग्रस
ताई-जिजाजी कॅरिबियन समुद्रातल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला होते. जिजाजीनं आधीच सांगितलं होतं: कुठं भेटायचं ते ठरवा, नाहीतर कधी ते ठरवा, दोन्ही नाही. नागपूरच्या मौसाजीनं दोन्ही ठरवलं, अनेगाडा बेट आणि तारीखही. डिसेंबर-जानेवारीत तिथे 'ख्रिसमस वारे' सुटतात, 25-30 नॉटचे, म्हणजे ताशी सुमारे 45-55 किलोमीटरचे. बाकीची बरीच बेटं एकमेकांच्या नजरेत आहेत, मधलं पाणी आडोशाचं. अनेगाडा मात्र उत्तरेला, उघड्या समुद्रापलीकडे. बसकं प्रवाळी बेट, भोवती खडक. जिजाजी नाही म्हणाले. मौसाजी फुगून बसले. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पेरणीची तारीख मी कधी कोणाले देल्ली का?"

मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्या, ओकारी सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही. खाली केबिनमध्ये जाऊ नका, वर बसून क्षितिजाकडे पाहा.

वरूड
मला नाही आवडलं, स्पष्ट लिहितो. रात्रभर उशाशी नांगराची साखळी घासते. संडासाला हातपंप. जावयाच्या घरी सासऱ्यानं पंप मारायचा! आणि माझी कडक सुटकेस ठेवायला जागाच नाही, ती माझ्याच पलंगावर झोपायची. घडी होणारी बॅग न्या.

मेहकर
पोरगी अंदमानला बोट आणणार म्हणते. आजीचे गुडघे दुखतात. डिंगीतून बोटीवर चढणं जमेल का?

दर्यापूरकर
कॅटमरान असेल तर मागच्या पायऱ्या पाण्यालगत असतात, आईला जमल्या. लाटेनं डिंगी वर उचलली की त्याच वेळी पाऊल टाकायचं, एक जण खालून आणि एक वरून धरायला हवा. साडी खोचून, चप्पल काढून. एकाच सांगाड्याची बोट असेल तर बहुतेक वेळा लोंबती शिडी असते, तिचा फोटो आधी मागवून घ्या.