मदत हवी आहे: घरी राहणाऱ्या नेपाळी ताईचा पगार कसा पाठवायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. सासूबाईंना अर्धांगवायू झालाय, आम्ही दोघंही नोकरीवाले. दिवसाच्या बायका मिळतात, रात्री राहायला कुणी तयार नाही. पुण्यातल्या नणंदेच्या ओळखीनं नेपाळची एक ताई यायला तयार आहे. १९५० च्या करारामुळे नेपाळी माणसाला इथं व्हिसा लागत नाही, ते बरं आहे. तिच्याकडे नेपाळचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आहे, आधार नाही. ते भारतात १८२ दिवस राहिल्यावरच निघतं.

अडलंय ते पगारापाशी. तिला पैसे थेट गावी, आईच्या खात्यात हवेत. रिझर्व्ह बँकेच्या भारत-नेपाळ योजनेत खातं नसलं तरी एका वेळी ५०,००० रुपयांपर्यंत रोख भरून पाठवता येतात. पण आमच्या बँकेतले साहेब म्हणाले, "असलं काय नसतंय बघा." सोलापुरातल्या कुठल्या शाखेतून कुणी पाठवलेत का?

दुसरं, पोलीस पडताळणीला तिच्या कोणत्या कागदांच्या प्रती लागल्या?

आणि आठवड्याची सुट्टी मी देणारच (सासूबाई कुरकुरतायत, ते मी बघते), पण अनोळखी गावात ती जाणार कुठं? तिच्या भाषेतल्या बायका इथं कुठं भेटतात, माहीत असेल तर जरूर सांगा.