वाड्याच्या कुजलेल्या फळ्या: दोन सुतारांच्या दरात एवढा फरक का?

माडीवरची: जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ आमचा वाडा आहे. माडीच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सागवानी फळ्या आहेत. खिडकीखालच्या फळ्या दिसायला ठीक, पण बोटाने दाबलं की भुगा होतो. एका सुताराने ३८,००० रुपये सांगितले, दुसऱ्याने १,१०,०००. दोघांनी खालूनच पाहिलं. आईला वाडा सोडायचा नाही आणि मलाही तो राखायचाय. काळजीत पडले आहे.

रंधा: ताई, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सुतारकाम. जुन्या गावातल्या बऱ्याच माड्या उघडल्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

खर्च ठरतो फळीमागे काय आहे त्यावर. मागचा उभा वासा किंवा खालची तुळई नरम झाली असेल तर आधी माडीला टेकू द्यावे लागतात, सोबत गवंडीही लागतो. कमी दरवाल्याने बहुधा नुसत्या फळ्या धरल्यात, दुसऱ्याने आतलंही. न उघडता दिलेले दोन्ही आकडे अंदाजच. एक फळी काढायला सांगा, त्या दिवसाची मजुरी द्या आणि मागच्या लाकडात पेचकस टोचून बघा. घट्ट लाकूड लागेपर्यंत कापावंच लागतं, हात आखडता घेऊ नका.

मग पाणी कुठून येतं ते शोधा. ओलावा २० टक्क्यांच्या खाली असलेलं लाकूड कुजत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड थेट येते. पन्हळ गळत असेल, खिडकीखालची फळी आतल्या बाजूला उतरती असेल, तर नव्या फळ्यांचे पैसेही पाण्यात.

लाकूड घनफुटावर मिळतं: एक इंच जाडीचं बारा चौरस फूट म्हणजे एक घनफूट. हिशेब स्वतः करा. सागाचा गाभा टिकतो, कडेचा पांढरा भाग लवकर कुजतो. स्वस्त मालात पांढराच जास्त, तो घेऊ नका. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळालं तर उत्तम, फक्त खिळे काढून रंधण्याची मजुरी वाढते. तुमच्या फळ्यांच्या कडेला नक्षी असेल तर तीही जुळवून काढावी लागते. परांची आणि अरुंद गल्लीतली हमाली वेगळी.

पंचवटीकर: वाळवीचीही खात्री करा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर औषध वेगळं, खर्चही वेगळा. आमच्याकडे २०१९ च्या पुरात तळमजल्यात पाणी शिरलं होतं, नंतर कुज आणि वाळवी दोन्ही सापडलं.

माडीवरची: रंधादादा, आज फळी काढली. वासे घट्ट आहेत, तळाची आडवी पट्टी तेवढी गेलीय. वाळवी नाही. वर पन्हळीचा सांधा उघडा आहे, पाणी नेमकं तिथूनच उतरत होतं. आता लगेच नव्या फळ्या बसवून रंग देऊ का?

रंधा: वासे वाचले, फार बरं झालं! आता दोघांकडूनही फळ्या, पट्टी आणि पन्हळ असा वेगवेगळा लेखी दर घ्या. आतून आणखी काही निघालं तर त्याचा घनफुटाचा भावही आधीच लिहून घ्या, भांडणं तिथेच होतात. पन्हळ पहिली. मग भिंत पूर्ण वाळू द्या, ओल्या लाकडावर रंग दिला तर ओल आतच कोंडते. वाशांना कुज आणि कीड रोखणारं बोरॅक्स-बोरिकचं द्रावण लावा. ते पावसात धुऊन जातं, म्हणून वरून प्रायमर आणि रंग हवाच. फळ्या बसवण्याआधी मागच्या बाजूला आणि कापलेल्या टोकांना प्रायमरचा हात मारून घ्या, पाणी टोकांतूनच सगळ्यात जास्त शिरतं.