शरीरात बसवलेला एलईडी आणि कॅन्सर: प्रकाश मंद का ठेवतात?

खानापूरकर: कॅन्सरच्या गाठीसाठी पोर्फिमर (प्रकाश पडल्यावर काम करणारं औषध) देऊन 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश फायबरने (प्रकाश नेणाऱ्या बारीक तंतूने) सोडतात, ते समजलं. मग शरीरात बसवायचा एलईडी इतका मंद का? आणि पेशंटने उन्हाचं काय करायचं? सविस्तर सांगा की.

बेळगाव_बायोमेड: कारण ऑक्सिजन. औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले तरच पेशी मरते. अन्ननलिकेत फायबरच्या दर सेंटिमीटरला 400 मिलीवॅट, साडेबारा मिनिटं, म्हणजे 300 ज्यूल देतात. प्रकाश फार प्रखर असला तर रक्त नवा ऑक्सिजन आणण्याआधीच गाठीतला संपतो, पुढचा प्रकाश वाया. मंद दिवा तासन्‌तास चालला तर ही अडचण टळते, शिवाय भोवतीचं मांस भाजत नाही. लाल प्रकाश जेमतेम 5 ते 10 मिलिमीटर शिरतो, त्यामुळे दिवा थोडा सरकला तरी मात्रा बिघडते. दिवा बिनतारी असेल तर त्याला बाहेरून वीज पुरवणारी कॉइल (तारेचं वेटोळं) तिरकी झाली की वीज लगेच घटते. ही उपकरणं अजून मुख्यतः संशोधनातच आहेत, बरं का.

निपाणी_फार्मसी: पोर्फिमरची मात्रा वजनाच्या किलोला 2 मिलिग्रॅम. 60 किलोला 120, म्हणजे 75 च्या दोन कुप्या उघडाव्या लागतात. औषध दिल्यावर प्रकाश 40 ते 50 तासांनी.

ऊन किमान 30 दिवस टाळायचं. सनस्क्रीन इथं कामाचं नाही, ते अतिनील किरण अडवतं. त्रास दिसणाऱ्या प्रकाशाचा असतो. पण अंधाऱ्या खोलीत कोंडूही नका! घरातल्या साध्या उजेडात कातडीतलं औषध हळूहळू निष्क्रिय होतं. महिन्यानंतर हाताचा छोटा भाग 10 मिनिटं उन्हात धरा, 24 तास लाली बघा. चेहऱ्यावर ही चाचणी नको.