‘मुलाखतीला जाताना गावची बोली घरी ठेवा’ या सल्ल्याला माझं उत्तर

टूलरूम_कुपवाड
परवा इथंच एकानं सल्ला टाकला होता. म्हणणं असं, की सांगली-साताऱ्याची पोरं मुलाखतीत पडतात ती बोलण्यामुळं. ‘लय’, ‘हाय’, ‘न्हाई’ बंद करा, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर इंग्रजीत पाठ करा, टाय लावा, निम्मी नोकरी तिथंच मिळते. खाली पोरांनी धन्यवादाची रांग लावली. दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितोच.

कुपवाड एमआयडीसीत बावीस वर्षं काढलीत, त्यातली अकरा मुलाखती घेण्यात. गेल्या उन्हाळ्यात क्वालिटीसाठी डिप्लोमाची पोरं बोलावली. मी टेबलावर लेथवर टर्न केलेला एक बुश, म्हणजे पोकळ गोल भाग, आणि बारीक माप घ्यायचं व्हर्निअर ठेवतो आणि एवढंच म्हणतो, बाहेरचा व्यास सांग. एक पोरगा आला, इस्त्रीचा शर्ट, ‘आय ॲम हार्डवर्किंग, टीम प्लेअर’ न अडखळता म्हणाला. व्हर्निअर उचललं, एकदा लावलं, आकडा सांगितला. झिरो बघितला नाही. ते व्हर्निअर मी मुद्दाम ०.०६ मिमीची झिरो एरर असलेलं ठेवतो, म्हणजे जबडे मिटले तरी ते शून्य दाखवत नाही.

दुसरा जत तालुक्यातला. बसताना घाम पुसत होता. त्यानं आधी अंगठ्यानं जबडे पुसले, मिटवले, उजेडाकडं धरले. म्हणाला, “सर, ह्यात तीन रेघांचा फरक हाय, वजा करायला लागंल.” मग बुश फिरवून तीन ठिकाणी माप घेतलं. “हितं ०.०४ जास्त येतंय. ओव्हल झालाय.” मी त्याला आणखी काही विचारलंच नाही. आज तो आमच्याकडं फायनल इन्स्पेक्शनला आहे.

तयारी करायचीच तर स्वतःच्या कामाची करा. जाहिरातीतली एकेक ओळ घ्या आणि समोर लिहा, हे मी कुठं केलंय. प्रोजेक्ट विचारला की पोरं ‘आम्ही केला’ म्हणतात. तू काय केलंस? शाफ्टला ईएन-८ हेच स्टील का घेतलं? इथं बोलती बंद होते, कारण प्रोजेक्ट तयार विकत आणलेला असतो. त्यात बोलीचा काय दोष?

वाळव्याचा_हिंजवडीत
तो सल्ला माझाच होता. नाव घेऊन बोलला असता तरी चाललं असतं.

तुमचं व्हर्निअर कुपवाडपुरतं झालं. पुण्यात सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत टेबलावर बुश ठेवत नाहीत. पहिली फेरी फोनवर असते, घेणारी मुलगी बंगळुरूत बसलेली असते, तिला मराठी येत नाही. तिला तुम्ही ‘हाय’ म्हणणार का?

मी सहा वेळा पडलोय. कोडिंग येत होतं, लेखी परीक्षा दर वेळी पास. पाचव्या मुलाखतीत समोरच्यानं विचारलं, “व्हाय शुड वी हायर यू?” उत्तर मराठीत डोक्यात तयार होतं, तोंडातून शब्द फुटेना. समोरच्यानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. त्या ग्लासाची लाज अजून आठवते. नंतर चाळीस दिवस हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकलं. हो, पाठ केलं. सातव्या वेळी लागलो. माझ्यामागून गावातल्या चौघांना तसंच करायला लावलं, तिघं लागले. पोटाला लागतं तिथं बोलीचा अभिमान परवडत नाही.

टूलरूम_कुपवाड
इंग्रजी शिकू नका असं मी कुठं लिहिलंय? तुम्ही बोली सोडा म्हणालात. घरची भाषा चुकीची आहे असं पोराच्या डोक्यात घातलं की तो आमच्यासमोर प्रत्येक वाक्य दोनदा तपासतो आणि येत असलेलंही विसरतो. हे मी रोज बघतो.

एचआर_मिरज
दोघांनी आपापल्या आठवणी सांगितल्या, म्हणून थोडा अभ्यासही सांगते. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये निवडीच्या पद्धतींचा मोठा आढावा घेतला. मुलाखतीतली कामगिरी आणि नंतरचं काम यांचा संबंध किती (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण), तर सगळ्यांना ठरलेले प्रश्न आणि ठरलेले गुण असतील तर ०.५१, गप्पांसारखी मुलाखत असेल तर ०.३८. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच पुन्हा मोजलं, तेव्हा ०.४२ आणि ०.१९ आले. म्हणजे ‘बोलण्यावरून माणूस ओळखतो’ म्हणणारा मुलाखतकार फार कमी ओळखतो. दोष उमेदवाराच्या भाषेत शोधण्याआधी मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्नपत्रिका ठरवावी.

वाळव्याचा_हिंजवडीत
मॅडम, हा आकडा घेऊन पोरगं पॅनलसमोर जाऊन काय करणार? पॅनल बदलणं त्याच्या हातात नाही, स्वतःचं बोलणं आहे.

माणदेशी_७७
सगळे भाषेवर भांडताय. खरी गोष्ट कुणी बोलंना. लोकल पोरगं नको असतं कंपन्यांना.

माझी गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. मेंटेनन्सची जागा. वीस मिनिटं मुलाखत झाली, पीएलसीचे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचे, प्रश्न सगळे सांगितले, साहेब मान डोलवत होते. शेवटी विचारलं, “घर कुठं?” म्हटलं, इथनं चार किलोमीटर. “शेती आहे का?” आहे, दोन एकर. साहेबांनी पेनला टोपण लावलं. तेवढंच. “कळवतो.” तीन वर्षं झाली, अजून कळवतायत. त्या जागेवर परराज्यातला मुलगा घेतला. मी त्याच्यावर राग धरत नाही, तो पण पोटासाठीच आलाय. पण आमच्याच रानातनं एमआयडीसी गेली आणि आमालाच गेटवर अडवायचं?

कोरेगावकर
शंभर टक्के खरं. माझ्या भावाला फॉर्मवर पत्ता पुण्यातल्या मावशीचा टाकायला सांगितला. तेव्हा कुठं बोलावणं आलं. स्वतःचं गाव लपवून स्वतःच्या तालुक्यात नोकरी!

एचआर_मिरज
यावर खरं बोलायचं तर शिव्या खाव्या लागतील, तरी बोलते. हो, मला आधीच्या एका ठिकाणी तोंडी सांगितलं होतं, जवळच्या गावातले नकोत. कारणंही दिली होती. जत्रेच्या आठवड्यात लाईन बंद पडते, बेंदराला निम्मी शिफ्ट येत नाही, ऊस तुटायला लागला की रजेचे अर्ज येतात, आणि एकाला मेमो दिला की संध्याकाळी पुढाऱ्याचा फोन. मी तिथं दीड वर्ष काम केलं आणि त्या सूचनेप्रमाणे अर्ज बाजूला काढले. ते चूक होतं.

माणदेशी_७७
बाजूला काढले म्हणजे आमच्यासारख्यांचे. किती काढले?

एचआर_मिरज
मोजले नाहीत.

माणदेशी_७७
आत्ताच वर आकडे सांगत होता. हेच तेवढे मोजले न्हाईत.

शिरवळ_सुपरवायझर
जरा थांबा. मी स्वतः खंडाळा तालुक्यातला, लोकलच. माझ्या लाईनवर अठरा पोरं. पुसेगावच्या रथाला एकदा सात जण न सांगता गेले. डिस्पॅच मी आणि स्टोअरकीपरनं रात्री अकरापर्यंत केला. ट्रकवाला खाली शिव्या देत होता. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसमोर खाली मान घालून कोण उभं राहिलं? मी. मॅनेजर म्हणाला, “ये आपके गाववाले.” पोरांना हे कुणी सांगत नाही, की आपण एक दिवस दांडी मारली की मागून येणाऱ्या दहा जणांची मुलाखत तिथंच संपते.

कोरेगावकर
यात्रेला जाऊ नये काय मग? वर्षातनं एकदा देवाला जायचं तर त्याचाही हिशोब?

शिरवळ_सुपरवायझर
जा की! पंधरा दिवस आधी लिहून दे आणि जा. तारीख पंचांगात असते, अचानक उगवत नाही. परराज्यातलं पोरगं छठला महिनाभर जातं, पण तिकीट दाखवून आधी सांगून जातं. मी एवढंच म्हणतोय.

विश्रामबाग_निवृत्त
एक दुरुस्ती. वर कुणी लिहिलं नाही, पण लिहिणार हे माहीत आहे, की ८० टक्के स्थानिक घेण्याचं सरकारी धोरण आहे. आहे. पण त्यातला ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. तुमचा तालुका त्यात कुठंच नाही. नागपूरचा मुलगा घेतला तरी तो स्थानिकच धरला जातो. त्यामुळं त्या कागदावर चार किलोमीटरवरच्या पोराचं भांडण उभं राहत नाही.

दुसरं, केंद्रानं गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या, त्या मुलाखतीत वशिला चालतो या संशयापोटी. खाजगीत तसं होणार नाही, तेव्हा मुलाखत सुधारण्याबद्दल बोला.

माणदेशी_७७
काका, बरोबर आहे तुमचं. पण ‘महाराष्ट्रात १५ वर्षं’ हे वाचून रक्त तापतं. जमीन मागताना गट नंबर विचारत्यात, नोकरी देताना अख्खा महाराष्ट्र.

वाळव्याचा_हिंजवडीत
विषय कुठल्या कुठं गेला. टूलरूमवाले, झिरो एररचं तुमचं मान्य आहे. कामच येत नसलेल्याला माझी पाठ केलेली दोन मिनिटं वाचवत नाहीत, माझ्या चौघांतला जो लागला नाही तो त्यामुळंच. पण बोली सोडा हे मी मागं घेणार नाही. फार तर असं म्हणतो, मुलाखतीपुरती सोडा.

टूलरूम_कुपवाड
मग माझंही ऐका. गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्याकडं जर्मन ग्राहकाचे ऑडिट होतात. जतचा तो पोरगा मोजतो उत्तम, पण ऑडिटरसमोर त्याला उभं करता येत नाही, मला शेजारी थांबावं लागतं. त्याचं प्रमोशन त्यावर अडलंय. तुमचं गच्चीवरचं रेकॉर्डिंग मी त्याला सांगितलंय. यापेक्षा जास्त मान्य करणार नाही.

आल्याचं_रान
मी नवीन आहे इथं. सगळं वाचलं. परवा शिरवळला मुलाखत आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, साताऱ्याजवळचं गाव. घरी दीड एकर आलं आहे, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. शेती आहे का विचारलं तर काय सांगू? नाही म्हटलं आणि नंतर कळलं तर?

कोरेगावकर
नाही म्हण सरळ. ते आपल्याशी कुठं खरं बोलतात?

एचआर_मिरज
खोटं सांगू नकोस. सातबारा ऑनलाईन दिसतो. आहे म्हण, आणि लगेच काम कोण बघतं ते सांग. समोरच्याला शेतीची भीती नसते, रजेची असते. त्याच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर तूच आधी दे.

आल्याचं_रान
चुलते बघतात. मी लागणीला तेवढा लागतो, मे महिन्यात चार दिवस.

शिरवळ_सुपरवायझर
हेच वाक्य असंच म्हण. “मे महिन्यात चार दिवस लागतील, तारीख महिनाभर आधी देतो.” मी पॅनलवर असतो तर मला हे ऐकून बरं वाटलं असतं. आजपर्यंत एकानंही मला असं सांगितलेलं नाही.

माणदेशी_७७
आणि टोपण लावलं पेनला तर?

शिरवळ_सुपरवायझर
तर लावलं. तुझ्या बाबतीत झालं ते वाईटच झालं, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण पोराला खोटं बोलून आत पाठवणार नाही मी.

टूलरूम_कुपवाड
प्रोजेक्टची फाईल ने. ड्रॉइंग स्वतः काढलेलं असेल तेच वर ठेव. त्यांनी भाग हातात दिला तर घाई करू नको, आधी पूस.

वाळव्याचा_हिंजवडीत
आज रात्री दोन मिनिटं स्वतःबद्दल इंग्रजीत बोलून रेकॉर्ड कर, ऐक, परत बोल. दहा वेळा.

शिरवळ_सुपरवायझर
किती वाजता बोलावलंय?

आल्याचं_रान
साडेनऊ.

शिरवळ_सुपरवायझर
सहाची एसटी धर. खंबाटकीच्या बोगद्यात एक ट्रक बंद पडला की तास जातो. गेटवर आधार कार्डाची झेरॉक्स मागतात, दोन ठेव.