लॅटिनो वारसा महिना: सन्मान की नुसती खाद्यजत्रा?

ह्यूस्टनकर:
अमेरिकेत 15 सप्टेंबरला लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या सन्मानाचा महिना सुरू होतो. तो दिवस उजाडला की आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रंगीत कागदी तोरणं लागतात, टाकोसाठी रांग लागते आणि भिंतीवर दरवर्षीची तीच पोस्टरं चढतात: अंतराळवीर एलेन ओचोआ, न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर, बेसबॉलपटू रॉबर्टो क्लेमेंते. खालचा मजकूर कोणी वाचत नाही. रोज संध्याकाळी आमच्या मजल्यावरचे कचऱ्याचे डबे रिकामे करणाऱ्या बायका बहुतेक एल साल्वादोरच्या. त्यांना आमंत्रण नाही, आणि त्यांच्याकडचा पुपुसा, म्हणजे सारण भरलेली मक्याची जाड भाकरी, तोही ताटात नाही. त्यांची पाळी सुरू होते तोवर सन्मान आटोपून टेबलं पुसून झालेली असतात. माझं मत स्पष्ट आहे: असला महिना बंद करा.

टोमॅटिलो:
कँटीनवाल्यांचा राग महिन्यावर कशाला काढता? 15 सप्टेंबर ही तारीख का, ते तरी बघा. 1821 साली त्या दिवशी ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका स्पेनपासून स्वतंत्र झाले. म्हणजे ज्यांना कोणी बोलावलं नाही म्हणता, त्यांच्याच स्वातंत्र्यदिनाला हा महिना सुरू होतो! दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा, 18 ला चिलीचा. 1968 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात या वारशाला आठवडा मिळाला, 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने त्याचा महिना झाला. तो बंद केलात तर तुमचे साहेब सफाईवाल्या बायकांना जेवायला बोलावणार आहेत का? तोरणं तेवढी जातील. त्यापेक्षा कार्यक्रम संध्याकाळी ठेवा म्हणून भांडा.

शेवग्याची शेंग:
पोस्टरांबद्दल मी ह्यूस्टनकरांच्या बाजूने, पण कारण वेगळं. होसे हर्नांडेझ यांचं पोस्टर घ्या. लहानपणी आईवडिलांबरोबर कॅलिफोर्नियाच्या शेतात राबले, नासाने अकरा वेळा नाकारलं, 2009 मध्ये अंतराळात गेले. सगळं खरं आहे. फक्त पोस्टर जिद्दीपाशी थांबतं आणि शेतात काय चालायचं ते गिळून टाकतं. 1935 च्या कायद्याने अमेरिकेतल्या कामगारांना युनियन करायचा हक्क दिला, त्यातून शेतमजूर वगळले. लेट्यूसच्या वाफ्यात त्यांच्या हातात आखूड दांड्याची कुदळ द्यायचे. कमरेत पार वाकल्याशिवाय ती चालवताच येत नाही, त्यामुळे कोण उभा राहिला हे मुकादमाला लांबूनच दिसायचं. माणसांच्या पाठी कायमच्या गेल्या. कॅलिफोर्नियात ती कुदळ 1975 मध्ये बंद झाली, तीसुद्धा कोर्टात लढल्यावर. ती टांगा की भिंतीवर!

टोमॅटिलो:
टांगाच. शेजारी डोलोरेस वेर्ता यांचा फोटोही लावा. शाळेत शिकवायच्या. मजुरांची पोरं उपाशी, अनवाणी वर्गात येतात हे बघून नोकरी सोडली आणि मजुरांच्या संघटनेत उतरल्या. कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा 1965 चा द्राक्ष संप फिलिपिनो मजुरांनी 8 सप्टेंबरला सुरू केला. मेक्सिकन मजुरांनी त्यात उतरायचं ठरवलं ते 16 सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, चर्चच्या सभागृहात जमून. संप पाच वर्षं चालला, देशभर लोकांनी द्राक्षं घेणं सोडलं, आणि 1970 मध्ये बागायतदार करारावर आले. सणाला जमलेली माणसं नेहमी जेवून हात धुवून घरी जातात असं नाही. ते जमणंच तुम्ही बंद करायला निघालात.

ह्यूस्टनकर:
डेलानोत मजुरांनी मजुरांना बोलावलं होतं. आमच्याकडे कंपनी बोलावते, तेही ज्यांना बॅज आहे त्यांनाच. हा दाखला मला लागू नाही.

विदर्भवीर:
आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे कोणी कसे आठवले नाहीत? गदर पक्षाचे क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ. चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात शिकवायचे, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. तिथले प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. आणि दसऱ्याला आपण दारावर लावतो तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. तिथे 1 आणि 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाला त्याच फुलांनी वेदी सजवतात, गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात. म्हणजे त्यांचा पितृपक्षच की!

रात्रपाळी:
खानखोजे थोरच, पण धागा लॅटिनोंचा आहे, आपल्या अंगणात ओढू नका. आणि पितृपक्षाशी जोडायची घाई कशाला? आपल्याकडे त्या पंधरवड्यात नवी खरेदीसुद्धा टाळतात. तिथे कबरीवर गाणीबजावणी चालते, साखरेच्या कवटीवर जिवंत माणसाचं नाव घालून त्यालाच भेट देतात.

आता माझं मत. बाजार कुठवर जातो बघा: 2013 मध्ये डिस्नेने या मृतांच्या दिवसाच्या नावावर ट्रेडमार्क मागितला होता, लोक खवळल्यावर अर्ज मागे घेतला. मेक्सिको सिटीतली ती भव्य मिरवणूक तर 2016 पासूनची, एका बाँडपटात दाखवली म्हणून सुरू केलेली. परंपरा म्हणून तुम्ही ज्याचे फोटो फॉरवर्ड करता, ते हे.

शेवग्याची शेंग:
नवं म्हणजे खोटं का? अमेरिकेत हा सण लोकांपुढे आला तोच 1970 च्या दशकात, पूर्व लॉस एंजेलिसच्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन कलाकारांनी रस्त्यावर आणला म्हणून. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी तो होतही नसे, शोधून शिकावा लागला. मेक्सिकोतल्या पात्स्कुआरो तलावाकाठची गावं मिरवणूक असो नसो, मेणबत्त्या लावून रात्रभर कबरस्तानात बसतातच.

रात्रपाळी:
चिकानो कलाकारांचा दाखला मिरवणुकीला देऊ नका. ते स्वतःच्या पोरांसाठी शिकले. मिरवणूक सरकारने पर्यटकांसाठी काढली. आणि पात्स्कुआरोला हल्ली त्या रात्री हॉटेल मिळतं का, विचारून बघा.