विषय: डिसेंबरात बेळगाव, मोटार न काढता चालायला कुठं जावं?

प्रेषक: रेडिंगची (इंग्लंड) सभासद (सासर शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

डिसेंबर संपता संपता आम्ही बेळगावला जातोय. इथं मुलांना एक छान सवय लागली आहे. रविवारी एका स्टेशनवर उतरायचं, शेतांतून चालत पुढचं स्टेशन गाठायचं आणि तिथून रेल्वेनं घरी. बेळगावात मात्र दारात दिरांची मोटार उभी असते आणि मुलं शेतं बघतात ती काचेतून. यंदा मोटार नको, असं ठरवलंय. थोरली बारा वर्षांची, धाकटा नऊचा. आठ-दहा किलोमीटर न कुरकुरता चालतात. बसनं किंवा रेल्वेनं पोचून, चालून, दिवेलागणीच्या आत परत येता येईल अशा वाटा कुणाला माहीत आहेत का? माझं माहेर नाशिकचं, त्यामुळे शहापूर, खडेबाजार आणि कपिलेश्वर यांपलीकडे मला फारसं ठाऊक नाही. सासूबाई म्हणतात, "घरात गाडी असताना बस कशाला गं?" त्यांना पटेल असं काही सांगता आलं तर फार बरं होईल.


प्रेषक: टिळकवाडीचे काका (पूर्वी लीड्स)

सूनबाई,

तुझं पत्र वाचून आनंद झाला. नोकरी संपवून मी इकडे परत आलो तो या वाटांसाठीच, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी इथल्या गाड्यांचं वेळापत्रक कसं चालतं ते समजून घे. खेड्यांच्या बसगाड्या दूधवाल्यांसाठी, कॉलेजच्या पोरांसाठी आणि बाजारहाटाला येणाऱ्यांसाठी धावतात. वस्तीची गाडी रात्री गावात मुक्कामाला जाते आणि पहाटे तिथूनच सुटते. सकाळी शहराकडे येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, पण त्याच वेळी गावाकडे जाणारी गाडी निम्मी रिकामी असते. तुम्हाला ती उलटी गाडीच हवी आहे. खरी अडचण दुपारची. लहान गावांना तेव्हा गाड्या विरळ होतात आणि शाळा सुटायच्या सुमाराला पुन्हा लागतात. म्हणून उतरतानाच कंडक्टरला परतीची वेळ विचारून ठेव, आणि वाट अशी धर की सुरुवात लहान गावात आणि शेवट हमरस्त्यावर. खानापूर रस्त्यावर किंवा वेंगुर्ला रस्त्यावर येऊन उभं राहिलं की काही ना काही मिळतंच.

सासूबाईंना सांग, मोटार जिथं लावली तिथंच परत यावं लागतं. बसनं गेलं की एका गावात उतरून दुसऱ्या गावात चढता येतं. गड एका अंगानं चढून दुसऱ्या अंगानं उतरायचा असेल तर मोटारीची अडचणच होते. आणि त्यांना तिकीटही पडणार नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकाचा पत्ता असलेल्या बायकांना राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. ओळखपत्र तेवढं जवळ ठेवायचं. तुझं तिकीट मात्र काढावं लागेल, सुटे पैसे घेऊन नीघ. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. बिनधास्त मराठीत विचार, स्टँडवर कुणीही सांगेल.

पहिली वाट तुमच्या दारावरूनच जाते: येळ्ळूर, राजहंसगड, देसूर. वडगाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर ही बासमतीची शिवारं. तुम्ही याल तेव्हा भात निघालेलं असेल आणि जमिनीतल्या त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा उभा असेल. मुलांना बांधावर बसवून मसुराचं रोप जवळून दाखव. वीतभर उंची, पिसासारखी बारीक पानं, पानाच्या टोकाला केसाएवढा ताणा. फूल आलं असेल तर तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, पांढरं, आत निळसर रेघा. सकाळी लवकर गेलात तर गुडघ्यापर्यंत दवानं भिजाल. बेळगावच्या घरोघरी जी मसुराची आमटी होते तिचं मूळ मुलांनी बघितलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

येळ्ळूरपासून गड समोरच दिसतो. जायला डांबरी रस्ता आहे, तासा-सव्वातासात पायथा येतो. गडाच्या अंगाला राजहंसगड नावाचंच गाव आहे, पाणी तिथं भरून घ्या. वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि २०२३ साली उभारलेला शिवाजी महाराजांचा पुतळा. पुतळ्यापाशी लोक फोटो काढून परत फिरतात. तुम्ही तसं करू नका, तटावरून सगळीकडून बघा. उत्तरेला शहर, पूर्वेला नजर पोचेल तिथवर सपाट रान, आणि पश्चिमेला वळलात की जंगलाची निळी रेघ. देशाचं पठार तिथं संपतं आणि सह्याद्री सुरू होतो. उतरताना देसूरच्या बाजूनं उतरा. पश्चिमेला जावं तशी काळी माती मागे पडून तांबडी लागते. देसूरला रेल्वे स्टेशन आहे, पण तिथं फक्त पॅसेंजर थांबते. तिची वेळ जुळली नाही तर खानापूर रस्त्यावर या.

दुसरी वाट रेल्वेची. बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीनं देसूर, इदलहोंड सोडून खानापूरला उतरा. तिथून मलप्रभेच्या काठानं असोग्याला जाता येतं. नदीकाठी रामलिंगाचं देऊळ आहे. जाऊन-येऊन मुलांना झेपेल एवढंच अंतर. पाणी शांत दिसलं तरी मुलांना डोहात उतरू देऊ नकोस.

खानापुरातच दिवस घालवायचा असेल तर हलशी. बस नंदगडावरून जाते. क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली इंग्रजांनी फाशी दिली ते हेच नंदगड. त्याच्या समाधीपाशी थोडा वेळ थांबा. हलशी ही कदंब राजांची जुनी राजधानी, ताम्रपटांतली पलाशिका. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधल्या मंडपात उभं राहिलं की एका बाजूला वराह, दुसऱ्या बाजूला नरसिंह. शिखर पायऱ्यापायऱ्यांचं, कदंबांच्या पद्धतीचं. इथं चालणं कमी, बघणं जास्त. पण देवळापासून शिवारातून गावाला एक वळसा घातल्याशिवाय परतू नका.

गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, गोकाक रोड स्टेशनवर उतरून जाता येतं. पण तो पावसाळ्यातला. डिसेंबरात त्याच्यासाठी दिवस घालवू नकोस.


प्रेषक: मिल्टन कीन्सचा सभासद (मूळ गाव शिनोळी)

काकांनी कर्नाटकातलं सगळं सांगितलं, आमच्या बाजूचं मी सांगतो. वेंगुर्ला रस्त्यानं हिंडलगा, सुळगा करत बाची संपली की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, महाराष्ट्र. शिनोळी फाट्यावर उतरून देवरवाडीला चालत जा. तिथं वैजनाथाचं जुनं दगडी देऊळ आहे, शेजारीच आरोग्यभवानी. बेळगावची कितीतरी घरं श्रावणात इथं येतात, पण बहुतेक जण देवळातूनच माघारी फिरतात. वहिनी, तुम्ही पुढं महिपाळगडावर चढा. झाडीतून वाट आहे, चढ छातीवर येणारा नाही. गडावर आजही नांदतं गाव आहे. तटाच्या आत शेणानं सारवलेली अंगणं, गोठे, शाळेची पोरं, सगळं काही. गडावर इतिहास शोधणाऱ्यांनी माणसांशी बोलावं, ही माझी कळकळीची विनंती. पाणी मागितलं तर गूळही पुढं येईल. उतरताना त्याच वाटेनं देवरवाडीला या आणि फाट्यावरून बेळगावची गाडी धरा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते सीमेच्या आत. दुसरी जास्त महत्त्वाची. सीमाभागात वातावरण तापलं की सगळ्यात आधी दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा झालं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा तर जास्तच जपावं लागतं. निघायच्या दिवशी सकाळचं वर्तमानपत्र बघा. गाड्या बंद असतील तर हट्ट करू नका, बेळगावच्या बाजूलाच उचगावला जा. तिथं मळेकरणी देवीची आमराई आहे, मुलांना आवडेल. मंगळवार-शुक्रवारी मात्र नवसाची गर्दी असते.


प्रेषक: रेडिंगची सभासद

काका, भाऊजी, खूप खूप आभार. सासूबाईंना पत्र फोनवर वाचून दाखवलं. मोफत तिकिटाचं त्यांना आधीच ठाऊक होतं, पण "राजहंसगडाला मीही येते" म्हणाल्या! एकच विचारायचं राहिलं. थोरलीला नदी कुठं उगम पावते ते बघायचंय. मलप्रभेचा उगम जवळच आहे ना? आणि भीमगडाचं जंगल?


प्रेषक: टिळकवाडीचे काका

उगम कणकुंबीला. जांबोटीवरून चोर्ला घाटानं पणजीला जाणारी बस तिथं थांबते. माउली देवीच्या देवळाजवळ उगमाचं तीर्थ आहे. लेकीला एवढं जरूर सांग, की इथलं पाणी पूर्वेला वाहत कूडलसंगमला कृष्णेत मिळतं, आणि याच खानापूर तालुक्यात देगावला उगवणारी म्हादई गोव्याकडे उतरून अरबी समुद्रात जाते. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. म्हादईचं पाणी वळवण्यावरून दोन राज्यांत केवढा वाद चाललाय, तो कणकुंबीला खणलेला कालवा बघितला की आपोआप समजतो.

भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. तिथं अस्वलं आहेत, गवे आहेत, आणि गेल्या काही वर्षांत माणसांवर हल्लेही झाले आहेत. कणकुंबीला गाव आणि देवळाचा परिसर तेवढा बघा, जंगलाच्या आडवाटेला शिरू नका, आणि दुपारी तीननंतर तिथं रेंगाळू नका. पणजीहून येणारी गाडी कधीकधी भरून येते आणि थांबत नाही, म्हणून जांबोटीपर्यंत येणारी मिळाली तरी चढा. जांबोटीहून बेळगावला आणि खानापूरला, दोन्हीकडे गाड्या आहेत.

सासूबाई येणार असतील तर येळ्ळूरपासून न चालता राजहंसगड गावापर्यंत रिक्षा करा आणि वर सावकाश चढा. उतरताना देसूरपर्यंत त्यांना झेपेल. आल्यावर फोन कर, मी वडगावच्या स्टॉपवर येतो.