उसाच्या खोडव्यातील ॲट्राझीन या तणनाशकाचा अंश सोयाबीनला बाधला असेल का?

प्रश्न (शिरोळ तालुका)
माझे दोन एकर काळे, काहीसे क्षारपड रान आहे. जानेवारीच्या मध्यास उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकात) एकरी 2 किलो ॲट्राझीन मारले होते; पुढे पाण्याची पाळी लांबली, खोडवा धरेना, म्हणून फेब्रुवारीत ग्लायफोसेट हे दुसरे तणनाशक मारून तो मोडला आणि रान पावसापर्यंत कोरडेच तापत राहिले. जूनच्या मध्यास टोकणलेले सोयाबीन एकसारखे उगवले. पण तिसरे पान सुटल्यावर खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळू लागल्या. बांधाकडेला, जिथे फवारणारा वळतो, तिथली रोपे तर जळाल्यासारखी दिसतात. कोणी लोहाची कमतरता म्हणतो, कोणी ग्लायफोसेटला दोष देतो. नेमके काय समजावे?

उत्तर 1
लोहाची कमतरता आधी कोवळ्या शेंड्याच्या पानांवर दिसते. आपल्याकडे जुनी पाने कडेकडून वाळत आहेत, आणि ती खूण ॲट्राझीनची आहे. ग्लायफोसेट मातीच्या कणांना इतके घट्ट चिकटते की, अंश शिल्लक असला तरी मुळांना तो सहसा मिळत नाही.

ॲट्राझीन निम्मे होण्यास साधारण 60 दिवस धरतात. त्या हिशेबाने पाच महिन्यांनी सुमारे सहावा हिस्सा उरतो, आणि वळणावर दुप्पट पडले असेल तर तिथे पूर्ण मात्रेचा तिसरा हिस्सा राहतो. मात्र हा हिशेब ओलाव्याच्या जमिनीचा आहे. औषध मुख्यतः जिवाणू मोडतात आणि कोरड्या रानात त्यांचे काम जवळजवळ थांबते. शिवाय आम्लधर्मी मातीत पाण्याच्या संयोगाने होणारे विघटन आपल्या विम्लधर्मी काळ्या जमिनीत फार मंद चालते. म्हणजे आपल्या रानात प्रत्यक्षात याहून अधिक अंश उरला असावा.

उत्तर 2 (पन्हाळा तालुका)
वरील उत्तराशी मी सहमत आहे. आमच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत हा त्रास क्वचितच दिसतो. तरीही खात्री करूनच पुढचे ठरवावे. वळणावरची माती एका कुंडीत आणि कधीच न फवारलेल्या बांधाची माती दुसऱ्या कुंडीत भरून दोन्हींत सोयाबीन लावावे. कुंड्या भर उन्हात ठेवाव्यात, कारण हे औषध पानांची अन्न तयार करण्याची क्रिया अडवते आणि सावलीत लक्षण नीट उमटत नाही. बियाण्यातील साठा संपेपर्यंत रोप निरोगीच दिसते, म्हणून तीन आठवडे तरी थांबावे.

प्रश्नकर्ता
कुंड्या आजच भरतो. वळणावरचा पट्टा मोडावा लागला, तर तिथे काय घ्यावे?

उत्तर 1
वैरणीचा मका घ्यावा. मका ॲट्राझीन स्वतःच्या पेशींत निष्प्रभ करतो, त्यामुळे त्याला धोका नाही. भुईमूग, काकडी किंवा भाजीपाला मात्र यंदा तिथे घेऊ नये. आणि एक कळकळीची विनंती: हे औषध मातीला फारसे घट्ट धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली झिरपते, तेव्हा पिण्याच्या विहिरीलगत ते मारूच नये.